छबुबाईचा सातबारा

दिंद्रुडहून छबुआत्याचा फोन आला तेव्हा स्वप्नाली शेडमध्ये मांडी घालून रोलरवरची शाई पुसत होती. आत्या भलतीच खुशीत होती. तू दिलेलं चित्र सगळ्या गल्लीने येऊन बघितलं, म्हणाली. अजिनाथला, म्हणजे तिच्या मुलाला, तर ते इतकं पसंत पडलं की त्याने लगेच माजलगावला नेऊन त्याला लॅमिनेशन करून आणलं.

स्वप्नालीने बोळा खाली ठेवला.

"लॅमिनेशन? आत्या, चित्राला?"

"हां. दोन्ही अंगानं पलास्टिक चढवलंय. आता पाण्यात बुडीवलं तरी काय व्हायचं न्हाई त्याला. कागद लई कच्चा व्हता गं बाई तुझा. कडा बी फाटक्याच व्हत्या, त्यानं कातरीनं कापून सरळ केल्या."

कागद कच्चा नव्हता. कापसाच्या चिंध्यांपासून हाताने केलेला तो कागद स्वप्नालीने मुद्दाम मागवला होता आणि तो येईपर्यंत फळी कोरून तयार असूनही हातावर हात ठेवून बसली होती. कडा फाटक्या नव्हत्या. हातकागदाची कड तशीच असते आणि जाणकार माणूस चित्राच्या आधी कड बघतो. हे सगळं आत्याला सांगावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि मग ज्यांनी इतक्या प्रेमाने चित्राचा जीव घेतला त्यांना काय सांगायचं, असं वाटून "बरं केलं" एवढंच म्हणाली. चित्राचं जे व्हायचं ते होऊन गेलं, असा तिचा समज होता.

व्हायचं होतं ते अजून सुरूही झालेलं नव्हतं.

स्वप्नाली बडोद्याला ठसेचित्रांचं शिक्षण घेऊन तलवाड्याला परत आलेली. लाकडाच्या फळीवर चित्र कोरायचं, त्यावर शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि प्रेसमधून दाबून काढायचा, असं हे काम. तिचा प्रेस टेम्पोतून उतरला तेव्हा निम्मं गाव जमलं होतं. पिठाची गिरणी टाकता का, असं काहींनी विचारलं. लग्नपत्रिका छापणार का, असं बाकीच्यांनी. दोन्हीला नाही म्हटल्यावर गावाने प्रेसमधून लक्ष काढून घेतलं. तिच्या वडिलांना, विठ्ठलरावांना, मात्र ते काढून घेता येईना. प्रेससाठी ट्रॅक्टरची शेड रिकामी करावी लागली होती आणि तेव्हापासून ट्रॅक्टर कडुलिंबाखाली उभा होता. जाता-येता ते त्याच्या बॉनेटवर हात ठेवत आणि "तापलाय" एवढंच बोलून पुढे जात.

चित्राचं मूळ गेल्या दिवाळीतलं. आत्या माहेरी आली होती आणि एका संध्याकाळी घरात कुठे दिसेना. स्वप्नाली शोधत गेली तर ती विहिरीकडच्या रानात बांधावर बसलेली. रान नुकतंच नांगरलेलं होतं. आत्या म्हणाली, तिच्या लग्नाआधी इथे सगळे धोंडेच धोंडे होते. तिने आणि तिच्या आईने ते वेचून वेचून बांधाला टाकले. "हे माझं रान हाय," असं म्हणून तिने तळहात उघडून दाखवला. तो तळहात आणि त्याच्यामागे पसरलेली नांगराची तासं स्वप्नालीच्या डोळ्यांपुढून हलेनात. हातावरच्या रेषाच पुढे शेतात निघून गेल्यासारख्या वाटत होत्या. तिने तेच फळीवर कोरलं. कागदभर पसरलेला एक हात, त्याच्या रेषांची होता होता झालेली तासं, आणि अगदी टोकाला बांधावर बसलेली इवलीशी बाई. चित्राला नाव दिलं, 'छबुबाईचं शेत'.

अशा चित्राच्या मोजक्याच प्रती काढतात. स्वप्नालीने बारा काढल्या. रिवाजाप्रमाणे प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने डाव्या बाजूला नंबर टाकला, मध्ये नाव लिहिलं, उजवीकडे सही केली आणि कोपऱ्यात आपला छोटा, गोल, लाल शिक्का उमटवला. नंबरात खाली एकूण प्रती आणि वर ही कितवी, एवढाच हिशेब. पहिल्या सहा प्रती पुण्याच्या गॅलरीला गेल्या. संक्रांतीच्या वाणाला आत्या आली तेव्हा गठ्ठ्यात सगळ्यात वर जी होती ती स्वप्नालीने गुंडाळून तिच्या हातात दिली. गठ्ठ्यात सगळ्यात वर सातवी होती.

ज्याच्या घरात हातभर जमीन आहे त्याच्या ध्यानात आत्तापर्यंत सगळं आलं असेल. स्वप्नालीच्या आलं नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मून, पीककर्जापासून लग्नाच्या बोलण्यापर्यंत सगळीकडे सातबारा हा शब्द ऐकत मोठी होऊनही आलं नाही, कारण तिच्या मनात तो नंबर हा नुसता अपूर्णांक होता. सात छेद बारा.

विठ्ठलराव त्या वर्षी पंचायत समितीला उभे राहायच्या विचारात होते, त्यामुळे सकाळचा चहा ते घरी न घेता बसस्टँडवर घेत. एका सकाळी तिथे धुळाजी उठून पुढे आला आणि त्यांच्या पाया पडला. म्हणाला, आप्पा, मन लागतं याला. कशाला, ते विठ्ठलरावांना कळलं नाही. पण पुढाऱ्याने कौतुकाला कारण विचारायचं नसतं. त्यांनी हात जोडून "तुमचा आशीर्वाद" म्हटलं. मग दुसरा आला, तिसरा आला. चहाचे पैसे हॉटेलवाल्याने घेतले नाहीत. शेवटी अमरसिंह, जो त्यांचा उजवा हात होता आणि पॅनेलची सगळी जुळवाजुळव बघत होता, गाडीवरून उतरून त्यांच्या कानाशी लागला.

"आप्पा, येवढा मोठा निर्णय घेतला आन् मला बोलला बी न्हाईत? विहिरीकडचं रान बहिणीच्या नावावर केलं म्हणं तुमी. दिंद्रुडात लोकांनी सातबारा बघितलाय."

विठ्ठलराव तसेच घरी आले. चपला पायातच ठेवून शेडच्या दारात उभे राहिले.

"अक्काला काय दिलंस तू?"

"चित्र," स्वप्नाली म्हणाली.

"कशाचं?"

"शेताचं. विहिरीकडच्या."

"त्याच्यावर काय लिवलंय?"

"नाव. 'छबुबाईचं शेत'."

"आनखी?"

"माझी सही. शिक्का."

"गोल?"

"हो."

"लाल?"

"लालच. आणि नंबर आहे, आप्पा, प्रत्येक प्रतीला असतो. आत्याच्या प्रतीवर सात..." इथे स्वप्नालीचा आवाज आपोआप बारीक झाला. "...बारा."

विठ्ठलराव बाजेवर बसले. बराच वेळ ते लिंबाखालच्या ट्रॅक्टरकडे बघत होते, पण त्यांना ट्रॅक्टर दिसत नसावा.

दुखणं असं होतं की विहिरीकडचं रान हे घरातलं सगळ्यात चांगलं रान. वडील गेले तेव्हा छबुबाईने भावासाठी हक्कसोड करून दिली होती. त्यासाठी विठ्ठलराव मागे लागले नव्हते. ते कागद तयार करून आणून फक्त समोर बसले होते. तेव्हापासून दर दिवाळीला साडी-चोळी जात होती, येणं-जाणं गोडीचं होतं, आणि रानाचा विषय कुणी काढत नव्हतं.

स्वप्नालीने मर्यादित प्रतींची पद्धत समजावून सांगायचा प्रयत्न केला. विठ्ठलरावांनी ऐकून घेतलं आणि मग वकिलासारखा एकेक मुद्दा काढला. बाराच का, फळी झिजली का? नाही. शाई संपली? नाही. मग हवी तेवढी छापता येत असताना बारावर थांबायचं, ही कुठली अक्कल? ते राहू दे; आता बिननंबरची एक छाप आणि तिला दे. ते जमत नव्हतं, कारण बारा झाल्यावर स्वप्नालीने फळीवर आडवा चर मारून ठसा रद्द केला होता. स्वतःच्या हाताने? स्वतःच्या हाताने. आतून वत्सलाबाई, स्वप्नालीची आई, म्हणाली की नंबर पेन्सिलीचाच आहे ना, मग खोडरबरने पुसून या. तेव्हा स्वप्नालीला लॅमिनेशनचं सांगावं लागलं.

"बदलून आण," विठ्ठलराव म्हणाले. "दुसरी कुठली बी दे, पण ती घिऊन ये. आजच."

स्वप्नालीने चडफडत गठ्ठ्यातली वरची प्रत नळीत घातली आणि एसटी बदलत दिंद्रुड गाठलं. वाटेत पुण्याच्या गॅलरीच्या मॅडमचा फोन आला. एक गृहस्थ आठ नंबरची प्रत घेतो म्हणालेत, त्यांची जन्मतारीख आठ आहे, तेवढी लगेच पाठवा. आणि कडा जपा. स्वप्नालीने हो म्हटलं. मग मांडीवरच्या नळीकडे बघितलं. वरची प्रत आठवीच होती. आत्याने सातवी परत दिली की तिला काहीतरी वेगळं देऊ आणि आठवी पुण्याला पाठवू, असा तिने मनाशी मेळ घातला.

दारात अजिनाथ होता. हा माणूस तहसीलच्या आवारात लोकांची कागदपत्रं काढून देतो, आणि त्यामुळे आपल्याला फसवणं अवघड आहे असं त्याला वाटतं. आत भिंतीवर, खुर्चीवर उभं राहिल्याशिवाय हात पोचणार नाही अशा उंचीवर, चित्र चकाकत होतं. प्लास्टिकवर ट्यूबलाइटचा असा पट्टा पडला होता की हात दिसत नव्हता, तासं दिसत नव्हती. खालचा नंबर तेवढा लख्ख दिसत होता.

स्वप्नालीने चहा होईपर्यंत सगळं सांगितलं. ठसा, प्रती, नंबर, रिवाज. अजिनाथने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. तिचं संपल्यावर तो समजूतदारपणे हसला.

"चित्र हाय ते मला कळतंय, स्वप्ने. मी काय अडाणी न्हाई. पर मामाच्या मनात नसतं, तर मामानं तुला हे छापू दिलं असतं का? तू सांग."

"आप्पांनी ते बघितलंसुद्धा नाही, दादा."

"तेच म्हणतोय मी. बघायची गरजच पडली न्हाई. भरवसा हाय तुझ्यावर."

मोबाइलवर त्याने जमिनीचं रेकॉर्डही तपासलं होतं. तिथे आत्याचं नाव नव्हतं. याचा अर्थ त्याने असा लावला होता की ऑनलाइनला यायला वेळ लागतो.

स्वप्नालीने मग बोलणं सोडून सरळ काम करायचं ठरवलं. तिने नळी उघडून नवी प्रत आत्याच्या पुढे धरली. ही घे, ती मला दे. आत्याने कागदावरून हात फिरवला, बांधावरच्या बाईला बोट लावलं आणि हा पण माझाच का, असं विचारलं. तोवर अजिनाथ मान वाकडी करून खालचा नंबर वाचत होता.

"आठ," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा भरून आला. "आई, आठ-अ बी आला."

सातबारा जमिनीचा असतो आणि आठ-अ खातेदाराचा. कुठल्याही कामाला दोन्ही जोडावे लागतात, एकट्या सातबाऱ्याने काही होत नाही, आणि हे अजिनाथएवढं कुणाला ठाऊक नसेल. मामाने अर्धवट काम केलं नाही, असं म्हणत त्याने प्रत उचलली आणि गाडीला किक मारली. स्वप्नाली अंगणात धावत येऊन "कडा कापू नका" एवढंच ओरडू शकली. संध्याकाळी ती सातवीशिवाय आणि आठवीशिवाय घरी आली आणि पुण्याच्या मॅडमना फोन करून सांगितलं की त्या गृहस्थांना नऊ आवडतो का विचारा.

यानंतर गोष्ट तिच्या हातात राहिली नाही. तलवाड्यात माहेरपणाला आलेल्या बायका परत जायचं नाव काढीनात. हक्कसोड केलेल्या बहिणी भावांकडे वेगळ्याच नजरेने बघू लागल्या. कुणी उघड बोललं नाही, पण जेवायला वाढताना हात जड झाले. जो धुळाजी पाया पडला होता तोच भांडायला आला, कारण त्याची बहीण बॅग घेऊन आली होती आणि त्याला नुसतं विचारत होती की आप्पांचं ऐकलंस का. भिवराबाई नावाची एक म्हातारी तर थेट शेडमध्ये आली, प्रेसच्या चाकाला हात लावून नमस्कार केला आणि माझा पण काढ म्हणाली. स्वप्नालीने तिला पाणी दिलं, बसवलं, आणि हे चित्र आहे, याने जमीन नावावर होत नाही, असं परोपरीने सांगितलं. भिवराबाईने सगळं ऐकून घेतलं. नऊ-बारा असला तरी चालेल, म्हणाली.

विठ्ठलरावांनी गावात खुलासा करायचं ठरवलं, पण अमरसिंह आडवा आला.

"आता न्हाई म्हणता येत न्हाई, आप्पा. आता न्हाई म्हणलं तर बहिणीला रान देणारा भाऊ ऱ्हात न्हाई, बहिणीचं रान काढून घेणारा भाऊ व्हतो."

त्याने मतदारयादी धुंडाळून बायकांची मतं मोजली होती. पुरुष रुसले आहेत. पण ते शेवटच्या आठवड्यात परत येतात. बायका आल्या आहेत, त्या जाऊ द्यायच्या नाहीत. तेव्हा देवीच्या देवळासमोर जाहीर सत्कार. फ्लेक्स छापायला टाकला, त्यावर हात जोडलेले विठ्ठलराव आणि मागे 'छबुबाईचं शेत', प्लास्टिकवरच्या ट्यूबलाइटच्या पट्ट्यासकट, कारण फोटो अजिनाथने काढून पाठवला होता. बारावर थांबलेलं चित्र गावच्या वेशीवर पंधरा फुटांचं होऊन वाऱ्यावर फडफडायला लागलं. स्वप्नाली तिकडून जायची बंद झाली.

सत्काराला पटांगण भरलं. पुढच्या सगळ्या सतरंज्या बायकांनी धरल्या, पुरुष मागे भिंतीला टेकून उभे राहिले. व्यासपीठावर फेटा बांधलेले विठ्ठलराव, त्यांच्या शेजारी छबुबाई, मांडीवर पिशवी, पिशवीत दोन्ही लॅमिनेशन. अमरसिंहने भाषणाआधी कलाकाराचे दोन शब्द ठेवले होते. चित्राची प्रेरणा, असा विषय त्याने कागदावर लिहूनही दिला.

स्वप्नालीने कागद बाजूला ठेवला. आज एकदाच सगळ्यांना सगळं खरं सांगून मोकळं व्हायचं, असं तिने ठरवलं होतं. माइक हातात घेऊन ती शांतपणे, सोप्या शब्दांत बोलली. एका फळीवरून बारा प्रती काढल्या, त्यातली सातवी मी आत्याला दिली, म्हणून खाली तो नंबर आहे. बाकी त्याचा काही अर्थ नाही. पटांगण चिडीचूप ऐकत होतं. तिला वाटलं, समजलं. तेवढ्यात मागून भिंतीकडून एकाने विचारलं की म्हणजे बारा जणांना जमीन दिली का.

विठ्ठलराव ताडकन उठले आणि त्यांनी माइक घेतला.

"कुणाला काय दिलेलं न्हाई. सरळ सांगतो. मी काय बी दिलेलं न्हाई."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दान करावं तर असं, उजव्या हाताचं डाव्याला कळू न देता, असं अमरसिंह दुसऱ्या माइकवरून म्हणाला. विठ्ठलरावांनी पुन्हा सांगितलं, जास्त जोरात सांगितलं. पुन्हा टाळ्या पडल्या, जास्त जोरात पडल्या. त्यांच्या फेट्याखालून घाम यायला लागला. स्वप्नालीला पहिल्यांदाच त्यांची दया आली. ती आत्याच्या कानाशी वाकून म्हणाली की आता तूच सांग, बाई, खरं काय ते.

छबुबाई उठली. माइक कसा धरायचा ते तिला माहीत नव्हतं. तो तिने हनुवटीखाली उभा धरला.

"हे चित्र हाय," ती म्हणाली. "माझ्या भाचीनं काढलंय. ती सांगती ते खरं हाय. सातबारा कसा ऱ्हातो ते मला माहीत हाय. बाप गेल्यावर त्याच्यावर माझं नाव आलं व्हतं. मी ते एकदाच बघितलं. दुसऱ्या बारीला तहसीलला गेलते ती अंगठा द्यायला."

टाळ्या वाजल्या नाहीत.

"भावानं जबरदस्ती केली न्हाई. मीच म्हणलं, असू द्या. पर त्या रानातले धोंडे ह्या हातानं येचलेत, हे आजपतुर कुणी बोललं न्हवतं. ह्या पोरीनं ते छापलं. मला तेवढं बास हाय. जमीन नको मला."

तिने माइक भावाच्या हातात दिला आणि खाली बसली.

विठ्ठलराव सुटले होते. इतक्या दिवसांचा घोळ एका मिनिटात निस्तरला होता, तोही सगळ्या गावासमोर, तोही बहिणीच्या तोंडून. आता धन्यवाद म्हणायचे आणि नारळ घेऊन घरी जायचं. त्यांनी तोंड उघडलं आणि समोर बघितलं. सतरंजीवरच्या सगळ्या बायका त्यांच्याकडे बघत होत्या. रागाने नाही, आशेनेही नाही. आपापल्या भावाकडे ज्या नजरेने बघून त्या इतकी वर्षं गप्प बसल्या होत्या, त्याच नजरेने. विठ्ठलरावांनी दोनदा डिपॉझिट गमावलं होतं, पण असं गप्प पटांगण त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मग बहिणीकडे न बघता म्हणाले,

"सोमवारी गेवराईला जायचं, अक्का. बक्षीसपत्र करून टाकू. येताना आधारकार्ड आण, दोन फोटो आण. ईसरू नको."

यावेळी टाळ्या थांबायलाच तयार नव्हत्या. विठ्ठलरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे पुसले, ते पाणी घामाचं होतं की कसलं, हे स्वप्नालीला शेजारी बसूनही कळलं नाही. पहिल्या रांगेत मंगल बसली होती, छबुबाईची आणि विठ्ठलरावांची धाकटी बहीण. खास सत्कारासाठी ती आष्टीहून आली होती, आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या तीच वाजवत होती.

रात्रीची जेवणं झाल्यावर आत्या निघाली, तेव्हा स्वप्नाली तिला गाडीपर्यंत सोडायला गेली. न राहवून तिने विचारलं, "आत्या, खरंच नको होतं तुला रान?"

"नको कावून आसंल?" आत्या पिशवी सावरत म्हणाली. "पर मागितलं आसतं तर दिलं आसतं का त्यानं?"

सोमवारी बक्षीसपत्र झालं. तलाठ्याने फेरफार धरला आणि पुढे यथावकाश खरोखरच्या सातबाऱ्यावर खरोखरचं नाव आलं. ऑनलाइनला यायला वेळ लागतो, हे अजिनाथचं म्हणणं खरं ठरलं. पुण्याचे गृहस्थ नऊवर राजी झाले. स्वप्नालीने आता माणसं काढायची नाहीत असं ठरवलं. झाड काढायचं. लिंबाचं. लिंबाला कुणाचं काही देणं नसतं. तिने नवी फळी घासून गुळगुळीत केली आणि एका सकाळी कागद-पेन्सिल घेऊन ती शेडबाहेर आली, तर लिंबाखाली, ट्रॅक्टरच्या शेजारी, बाज टाकलेली होती आणि बाजेवर नवीकोरी साडी नेसून, पदर नीट काढून मंगलआत्या बसलेली होती. आष्टीहून पहिल्या एसटीने आली होती.

"माझं बी काढ म्हणलं एकदा," ती म्हणाली. "तोंड कुनीकडं करू? मला ओढ्याकडचं रान बरं दिसतंय मागं. तुला कसं सोईचं पडंल तसं."

स्वप्नालीने काही उत्तर द्यायच्या आत ओसरीवरून विठ्ठलराव उतरून आले. बहिणीला त्यांनी कधी आलीस, चहा झाला का, असं रीतसर विचारलं. मग लेकीला कोपराला धरून शेडच्या आत नेलं आणि हळू आवाजात म्हणाले,

"काढ तिचं चित्र. बहीण हाय, न्हाई म्हणून चालत न्हाई. पर एकच काढ. बारा नको, सात नको, आठ नको. एक काढ आन् दिऊन टाक."

"एकच काढलं तरी नंबर टाकावा लागतो, आप्पा."

"काय टाकशील?"

"एक छेद एक."

विठ्ठलरावांनी मनातल्या मनात वाटणी मांडून बघितली. दोन-तीनदा मांडली असावी. बाहेर बाजेवर मंगल पाठ ओढ्याकडे करून, हालचाल न करता बसली होती.

"म्हंजे सगळंच तिचं," ते म्हणाले.

"चित्राच्या बाबतीत तसंच."

ते प्रेसच्या चाकाला टेकले. जरा वेळाने बाहेर जायला वळले, दारात थांबले.

"बाराच काढ," ते म्हणाले. "फक्त सातवी माझ्याकडं दे."